'सुप्त' काळ किती सुप्त?

५ जून १९८१ रोजी अमेरिकेतील एका सरकारी साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची माहिती प्रसिद्ध झाली. निरोगी माणसाला सहसा न होणारा न्यूमोनिया त्यांना झाला होता. एड्सची ही पहिली नोंद. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत या रोगाचा विषाणू सापडला. तो 'सीडी४' हे प्रथिन अंगावर असणाऱ्या मदतनीस टी-पेशींत शिरतो, हे १९८४ मध्ये कळले.

कोडे मात्र उरले. संसर्गानंतर औषधाविनाही माणूस आठ-दहा वर्षे धडधाकट दिसतो. इतकी वर्षे विषाणू करतो काय? तो झोपलेला असावा, असे अनेकांना वाटले. या काळाला नावच पडले 'सुप्त काळ'.

जानेवारी १९९५ मध्ये डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या गटांनी ही समजूत मोडली. त्यांनी रुग्णांना नवी औषधे देऊन रक्तातले विषाणू मोजले. सुमारे दोन दिवसांत त्यांची संख्या निम्मी होत होती! आता आपण विचार करू. ही औषधे नव्या पेशींना लागण होऊ देत नाहीत. असलेले विषाणू ती मारत नाहीत. तरीही संख्या घटली, म्हणजे विषाणू एरवीही भराभर नष्ट होत होते. आणि औषधापूर्वी संख्या स्थिर होती, म्हणजे तितकेच रोज नव्याने तयार होत होते. दुकानाची शिल्लक रोज तेवढीच दिसली, म्हणून उलाढाल बंद आहे असे थोडेच असते? मदतनीस पेशींचाही असाच प्रचंड जमाखर्च चालू होता. त्यात हळूहळू खर्चाची बाजू जड होत जाते.

पेशी नुसत्या मरत नाहीत, थकतातही. लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या 'सीडी८' टी-पेशी वर्षानुवर्षे त्याच शत्रूशी झुंजून निष्प्रभ होतात. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या रुग्णांच्या अभ्यासात दिसले, की अशा पेशींवर 'पीडी-१' हे प्रथिन फार वाढलेले असते. क्योटो येथे तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडलेले हे प्रथिन म्हणजे पेशीचा ब्रेक. परीक्षानळीत तो सोडवल्यावर थकलेल्या पेशी पुन्हा वाढू लागल्या. हाच ब्रेक सोडवून आज काही कर्करोगांवर उपचार होतात. त्या शोधासाठी होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एचआयव्ही मात्र या मार्गाने अद्याप बरा झालेला नाही.

मग रुग्णाला काय मिळाले? पूर्वी सीडी४ पेशी ठरावीक संख्येखाली जाईपर्यंत औषधासाठी थांबत. सुरुवातीपासून औषध देणे हिताचे, हे पुढे मोठ्या चाचण्यांनी दाखवले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणि २०१७ मध्ये भारताने निदान होताच उपचार, हे धोरण स्वीकारले. वेळेवर आणि नियमित औषध घेणारा माणूस आज दीर्घकाळ निरोगी जगू शकतो.

म्हणून वर्गात 'सुप्त काळ' हा शब्द आला, की आपण क्षणभर थांबावे. लक्षणे नाहीत म्हणजे लढाई नाही, असे नव्हे. हे विद्यार्थ्यांना सांगावे.