दशावतार (मेटल अल्बम)

मुंबईच्या ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ या बँडचा पाचवा अल्बम. प्रकाशन मार्च २०१७. विष्णूच्या दहा अवतारांवर प्रत्येकी एक, अशी दहा गीते. शब्द मुख्यतः इंग्रजी.

शैली : अल्बमच्या वर्गीकरणाबाबत एकमत नाही. बँडची गणना सहसा सिंफनिक डेथ व ब्लॅक मेटलमध्ये होते. गिटारच्या वेगवान भागांत मात्र थ्रॅशचा वारसा उघड ऐकू येतो. थ्रॅश मेटल हा १९८०च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, घडलेला प्रकार. मेटालिकाचा ‘किल ’एम ऑल’ (१९८३) आणि स्लेयरचा जेमतेम २९ मिनिटांचा ‘रेन इन ब्लड’ (१९८६) हे त्याचे मापदंड मानले जातात. उजव्या तळहाताची कड गिटारच्या घोडीजवळ तारांवर हलकी टेकवायची आणि नखी सतत खालच्या दिशेने मारत राहायची, हे त्याचे मूळ तंत्र. तार पूर्ण झंकारत नाही; मुसळाखाली धान दडपावे तसा बोथट, घट्ट ठोका उमटतो. मोठ्या ढोलाला दोन पायडल असतात आणि वादक दोन्ही पायांनी त्यांच्यावर धावतो. गळा गातो कमी, गुरगुरतो जास्त. हा कर्कशपणा कसरतीने कमावलेला असतो. त्याला गोंगाट म्हणून बाजूला सारणे योग्य नाही.

बँड : स्थापना २०००, मुंबई. संस्थापक, गायक व गिटारवादक साहिल मखिजा (टोपणनाव ‘डिमनस्टीलर’). या अल्बमच्या वेळी निशिथ हेगडे (गिटार), अश्विन श्रियान (बेस) आणि वीरेंद्र कैथ (ड्रम) सोबत होते. मखिजा यांनी ‘डिमनस्टीलर रेकॉर्ड्‌स’ ही ध्वनिमुद्रण संस्था, ‘रेझरेक्शन’ हा मेटल महोत्सव आणि ‘हेडबँगर्स किचन’ हा पाककृतींचा कार्यक्रम सुरू केला. एका माणसाने बँड, प्रकाशन आणि रंगमंच असे तिन्ही भार उचलण्याचे कारण त्या काळच्या मुंबईत सापडते. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरत असे आणि शहरातले रॉकवेडे तिथेच घडले. बँड स्थापन झाला त्याच वर्षी आलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता विभाग आखला. रंगभवनाला रुग्णालय आणि महाविद्यालय या दोहोंचा शेजार. पुढच्या काही वर्षांत तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले.

आधीचे अल्बम : ‘डिमनस्टीलर’ (२०००), ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५), ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०), ‘द डीमन किंग’ (२०१४).

रचना : क्रम असा – मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. प्रत्येक नावापुढे इंग्रजी उपशीर्षक आहे. कृष्ण ‘गुराखी’, तर कल्की ‘घाणीचा संहारक’. विषय या संगीताला अंगचाच वाटतो. दहांतले बहुतेक अवतार युद्ध, वध किंवा प्रलय यांच्याशी बांधलेले आहेत. कोकणच्या दशावतारी नाटकात पूर्वरंगातल्या आडदशावतारात वेद पळवणारा संकासुर काळा बुरखा घालून मालवणीत प्रेक्षकांना हसवतो. अल्बमच्या पहिल्या गीताचा विषय असलेला मत्स्यावतार हाच त्याचा काळ. मृदंग, झांज आणि पायपेटीवर रात्रभर चालणारा तो खेळ आणि हा अल्बम यांचा थेट संबंध नाही. तरी एकाच कथामालेला मोठा आवाज आणि उग्र सोंग लागावे, हे लोककलेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे.

नववे गीत : ‘बुद्ध’, उपशीर्षक ‘शिक्षक’. अवतारांची यादी सर्वत्र सारखी नाही. जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’त (१२वे शतक) आठवा हलधर बलराम आणि नववा बुद्ध आहे, अल्बममध्ये बलराम नाही, त्या जागी कृष्ण आहे. महाराष्ट्रात जुन्या पंचांगांच्या चित्रांत व काही मंदिरांच्या शिल्पांत नवव्या जागी कटीवर हात ठेवलेला विठ्ठल उभा असतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकापुढे हे गीत वेगळ्या वाटेने येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुसरा सोहळा १६ ऑक्टोबरला चांद्यात (आजचे चंद्रपूर) केला. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा त्यात पुढाकार होता. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गडचिरोली जिल्हा (स्थापना १९८२) त्याचाच भाग होता. दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याची कल्पना स्पष्ट शब्दांत नाकारते. ज्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी चांद्याच्या मैदानावर उभे राहून ती प्रतिज्ञा उच्चारली, त्या घरांत अल्बमचा हा क्रम निव्वळ पुराणकथा म्हणून ऐकला जाणार नाही. बँडने प्रचलित यादी घेतली, एवढे नोंदवता येते. हेतूविषयी विधान करणे येथे उचित नाही. ‘अवतार’ या शब्दाऐवजी ‘शिक्षक’ हे उपशीर्षक ऐकणाऱ्याला जवळचे वाटू शकते. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला अनुयायी जमतात (पाहा : दीक्षाभूमी, चंद्रपूर).

प्रतिसाद : बँडची परदेशी ओळख या अल्बमपूर्वीच झाली होती. २०१०मध्ये त्याने नॉर्वेच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात वादन केले आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ नियतकालिकाचा ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार मिळवला. आयर्न मेडन (२००७) आणि मेटालिका (२०११) यांचे बंगळूरुतील कार्यक्रम या संगीताच्या भारतीय श्रोत्याच्या दृष्टीने महत्त्वाचे टप्पे ठरले. मराठीत अल्बमची दखल घेताना एक अडचण राहते : कथा मराठी माणसाला तोंडपाठ आहेत, पण इंग्रजी शब्द गुरगुराटात बुडालेले असतात. गीतांचे शब्द पुढ्यात ठेवून एकदा वाचले की वराह आणि नरसिंह ओळखीचे वाटू लागतात. कान तयार होण्यास दोन-तीन वेळा ऐकणे पुरते.

प्राप्यता : बँडकॅम्पवर डिजिटल स्वरूपात.