जुना संगणक, स्वस्त ग्राफिक्स कार्ड : एका निवडीचा इतिहास

१/६
गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा येथून ग्राफिक्स कार्डासाठी नागपूर गाठावे आणि ते घरच्या जुन्या संगणकात चालू नये, यासारखा तोटा नाही. हा पेच जुना आहे. त्याचा इतिहास पाहू.

२/६
१९९६ : थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘वूडू’. ते केवळ त्रिमितीय चित्रण करी. द्विमितीय कामासाठी आधीचे कार्ड तसेच राही. दोन्ही बाहेरून एका केबलने जोडली जात. संगणक तोच राहिला, खेळाचे रूप पालटले.

३/६
ही सोय टिकली नाही. १९९७ मध्ये एजीपी स्लॉट आला. २००४ पासून पीसीआय एक्सप्रेसने त्याची जागा घेतली. नवी कार्डे जुन्या मदरबोर्डात बसेनात. तेव्हा काही उत्पादकांनी दुवा साधणारी चिप बसवून एजीपी आवृत्त्या काढल्या.

४/६
पुढची अडचण विजेची. पीसीआय एक्सप्रेसचा सोळा लेनचा स्लॉट कार्डाला कमाल ७५ वॅट देतो. अधिक हवे तर पॉवर सप्लायची वेगळी केबल लागते. कार्यालयांतून निघालेल्या संगणकांत ती बहुधा नसते. फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेले एनव्हिडियाचे जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅटवर चाले. अशा यंत्रांना त्याने नवे आयुष्य दिले.

५/६
उलट उदाहरण जानेवारी २०२२ चे : एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी. कार्ड नवे, पण लेन चारच. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या बोर्डावर त्यांची वहनक्षमता निम्मी होते. ४ जीबी मेमरी भरली की खेळ अडखळतो.

६/६
म्हणून आधी आपले यंत्र ओळखावे, मग कार्ड. स्लॉटची पिढी, पॉवर सप्लायचे वॅट आणि केबल, कॅबिनेटमधील जागा : एवढे मोजावे आणि मगच पैसे मोजावेत.