धोंडूताई कुलकर्णी : एका गायकीची राखण

राजाश्रय संपला म्हणजे दरबारी विद्या नष्ट होते, असा सर्वसाधारण समज आहे. कोल्हापूरच्या संगीताचा इतिहास मात्र निराळें सांगतो. पश्चिमेस शाहूवाडीच्या घाटमाथ्यापर्यंत पसरलेल्या या संस्थानांत शाहू महाराजांनीं मल्लविद्येइतकाच गानविद्येलाहि आश्रय दिला. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखां त्यांचेच दरबारगायक. १९२२ सालीं महाराज निवर्तले व पुढें खांसाहेब मुंबईस गेले. पण त्यांचे चिरंजीव भूर्जीखां यांच्या रूपानें ती विद्या कोल्हापुरांत राहिली.

याच नगरींत २३ जुलै १९२७ रोजीं धोंडूताईंचा जन्म झाला. वडील गणपतराव हे गाण्याचे निस्सीम भोक्ते. त्या काळीं मैफलींत गाणें हा बहुतेक कलावंत घराण्यांतील स्त्रियांचाच व्यवसाय मानला जाई. अशा वेळीं ब्राह्मण कुटुंबांतील मुलीनें उस्तादापुढें बसून शिकावें, ही साधी गोष्ट नव्हती. गणपतरावांनीं लोकापवादाची पर्वा केली नाहीं. अल्लादियाखांचे पुतणे नथ्थनखां यांच्याकडे मुलीची तालीम सुरू झाली आणि आठव्या वर्षीं ती नभोवाणीवर गाइली.

१९४० पासून भूर्जीखांची तालीम लाभली. ही गायकी मोठी कष्टसाध्य. हींत आलाप लयीपासून सुटा पडत नाहीं; प्रत्येक स्वरवाक्य मात्रांशीं गुंफीत समेवर आणावें लागतें. आवाज खुल्या आकाराचा हवा, आणि जोडराग गातांना एका रागांतून दुसऱ्यांत शिरण्याचा सांधा दिसतां कामा नये. ग्रंथ वाचून हें साधत नाहीं. गुरूसमोर बसून एकच ओळ पुन:पुन्हां घोटावी, तेव्हां ती गळ्यांत उतरते. म्हणूनच १९५० सालीं भूर्जीखां वारले, तेव्हां तेवीस वर्षांच्या या शिष्येचा केवळ गुरु गेला नाहीं, विद्येची वाटच खुंटल्यासारखी झाली. तरी त्यांनीं शोध सोडला नाहीं. अल्लादियाखांचे बंधु हैदरखां यांच्या शिष्या लक्ष्मीबाई जाधव व भूर्जीखांचे चिरंजीव अझीजुद्दीनखां यांच्याकडून त्यांनीं मार्गदर्शन घेतलें.

१९६२ मध्यें या साधनेस नवें वळण लागलें. अल्लादियाखांच्या थोर शिष्या सूरश्री केसरबाई केरकर या कोणासहि शिकविण्यास सहसा राजी नसत. त्यांनीं धोंडूताईंचा स्वीकार केला. वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, नांव मिळविलेल्या गायिकेनें पुन्हां विद्यार्थिनी व्हावें, यांत त्यांच्या स्वभावाचें मर्म दिसतें. ही तालीम १९७१ पर्यंत चालली.

१९७७ सालीं केसरबाई निवर्तल्या. त्याच वर्षीं अमेरिकेनें अंतराळांत धाडलेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णलेपित तबकडींत त्यांनीं गाइलेली भैरवी होती. आवाज याप्रमाणें सूर्यमालेच्या सीमेपलीकडे जाऊं शकतो. परंतु तबकडी चुकलेला स्वर सुधारीत नाहीं, कीं सम कां हुकली हें सांगत नाहीं. तें काम जिवंत माणसाचें. केसरबाईंच्या पश्चात् तें धोंडूताईंकडे आलें.

त्या अविवाहित राहिल्या व मुंबईंत निवडक शिष्यांना शिकवीत राहिल्या. गाण्याची शिस्त लोकांच्या आवडीखातर सैल करणें त्यांना मान्य नव्हतें. त्यामुळें कीर्ति बेताचीच व तीहि उशिरां आली. १९९० चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. शिष्या नमिता देवीदयाल यांनीं लिहिलेल्या 'द म्यूझिक रूम' या ग्रंथामुळें २००७ नंतर त्यांचें नांव संगीताबाहेरच्या वाचकांसहि ठाऊक झालें. १ जून २०१४ रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.

मैफलींची संख्या किंवा टाळ्यांचा गजर यांवरून त्यांच्या कारकीर्दीचें मोल ठरवितां येणार नाहीं. दरबार मोडला, संस्थानें विलीन झालीं, गुरु एकामागून एक गेले; तरी कोल्हापुरांत हातीं आलेली ठेव त्यांनीं उणी होऊं दिली नाहीं व ती पुढच्या पिढीच्या स्वाधीन केली. एका सामान्य घरांतील कन्येनें जन्मभर केलेली ही राखण राजाश्रयाहून कमी मोलाची म्हणतां येत नाहीं.