क्रिस्टलवर आळ कशाला?

जुने सीडी प्लेअर हौसेने सांभाळणाऱ्यांत एक मत आता सिद्धान्तासारखे रुळले आहे: मूळ क्रिस्टल काढा, अचूक क्लॉकची तयार पाटी बसवा, आवाज खुलतो. तंबोरा स्थिरावतो, वाद्ये सुटी सुटी ऐकू येतात. पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो अगदीच निराधार नाही. या प्लेअरमध्ये ११.२८९६ किंवा १६.९३४४ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल असते. त्याला २५६ किंवा ३८४ ने भागले की सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ निघतात. आकड्याचे व्होल्टेज कोणत्या क्षणी करायचे, हे त्याच ठोक्यावर ठरते. ठोका डळमळला तर ध्वनी बिघडणार, हे मान्य. वाद आहे तो किती डळमळतो याचा.

विकणारा आधी अचूकता पुढे करतो: जुने क्रिस्टल दहा लाखांत ५० भाग चुकते, नवे फक्त एक. ५० भागांची चूक धरली, तरी ७४ मिनिटांची सीडी पाव सेकंदही मागेपुढे होत नाही, आणि स्वर सरकतो तो एका अर्धस्वराच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी. कॅसेट डेकमध्ये ०.१ टक्का हेलकावा चांगला समजला जाई. तो याच्या वीसपट झाला. ७८ फेऱ्यांची तबकडी ७६ फेऱ्यांनी फिरली, तर सूर जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने उतरतो. बालगंधर्वांच्या तबकड्या चावीच्या फोनोवर ऐकणाऱ्यांनी एवढा फरक बिनतक्रार पचवला. भर बैठकीत तंबोऱ्याची तारही क्रिस्टलच्या चुकीहून जास्त उतरते.

जाणकार प्रतिवादी म्हणेल, प्रश्न सरासरीचा नाही, क्षणाक्षणाच्या थरथरीचा, म्हणजे जिटरचा आहे. बरोबर! मग जाहिरात दहा लाखांत एक भागाची का? सरासरी अचूक असलेले क्रिस्टल थरथरणारे असू शकते, आणि उलटही. आता जिटरचेही पाहू. २० किलोहर्ट्झच्या कमाल पातळीच्या सुरात १६ बिटांच्या सर्वांत लहान पायरीच्या निम्मी चूक होण्यासाठी सुमारे १२० पिकोसेकंदांची थरथर पुरते. हा कागदावरचा हिशेब, कानाचा वेगळा. संशोधक बेंजामिन आणि गॅनन यांच्या १९९८ च्या चाचण्यांत शुद्ध सुरातला जिटर १० नॅनोसेकंदांच्या आसपास जाणवू लागला, संगीतात त्याहून बराच जास्त लागला. २००५ मध्ये जपानमध्ये अशिहारा आणि सहकाऱ्यांनी सरावलेल्या श्रोत्यांना संगीत ऐकवले. तिथे उंबरठा कित्येकशे नॅनोसेकंदांवर गेला. धडधाकट साधे क्रिस्टल एका नॅनोसेकंदाच्याही बरेच आत राहते.

सीडी डुगडुगते म्हणून वेळ चुकते, हा समजही खरा नाही. वाचलेली माहिती आधी छोट्या स्मृतीत साठते आणि तिथून क्रिस्टलच्या ठोक्यावर बाहेर पडते. मोटर मागेपुढे झाली, तर स्मृतीतली पातळी पाहून तिला सावरले जाते.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो कशाने? माजलगावासारख्या गावातला एखादा जुना प्लेअर उघडून बघा. लेन्सवर धुळीचा पांढुरका पडदा, रुळावरचे ग्रीस मेणासारखे आळलेले, ट्रेचा पट्टा सैल, वीजपुरवठ्याच्या बाजूचे कपॅसिटर उन्हाळ्यात तापून सुकत आलेले. शेतांतले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडते ते वेगळेच. क्लॉक बसवायला झाकण काढणारा माणूस सहसा हे सगळेही साफ करतो, कपॅसिटर बदलतो, सुटलेले सांधे पुन्हा डागतो. श्रेय मात्र पाटीला मिळते. शिवाय पैसे मोजून ऐकणारा कान उदार असतो. दोन प्लेअरचा आवाज व्होल्टमीटरने समान करून, कोणता चालू आहे हे न सांगता ऐकवले, तर बऱ्याच बढाया विरतात.

पाटी लांब तारेने जोडली, तर उच्च कंप्रतेचा कचरा आतच फिरतो आणि बरा प्लेअर बिघडू शकतो. क्रिस्टल बदलण्याचे एक कारण मात्र पक्के आहे: प्लेअर पडला, आतला स्फटिक तडकला, तबकडी फिरेनाच. तेव्हा त्याच मेगाहर्ट्झचे साधे क्रिस्टल आणून डागावे.