बालगंधर्व आणि तरुण पिढीची स्त्रीप्रतिमा

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या स्त्रीभूमिकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी तरुण-तरुणींच्या मनात घडवलेली ‘कुलीन स्त्री’ची प्रतिमा. ‘बालगंधर्व’ हे नाव लोकमान्य टिळकांनी दिले, असे मानतात.

१९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. ‘मानापमान’मधील (१९११) भामिनी आणि ‘स्वयंवर’मधील (१९१६) रुक्मिणी विशेष गाजल्या. घरंदाज बायकांनी रंगमंचावर उभे राहणे तेव्हा निषिद्ध होते. त्यामुळे बाईपणाचा नमुना एका पुरुषाने घालून दिला आणि मुलींनी नऊवारी नेसण्याची ढब, पदराची ठेवण, केसांतली फुले, बोलण्यातले मार्दव त्याच्याकडून उचलले. हे अनुकरण लुगड्यापुरते नव्हते. ‘एकच प्याला’मधील (१९१९) सिंधू दारुड्या नवऱ्यापायी सारे सोसते, बालगंधर्वांच्या गळ्यातून ते सोसणे इतके गोड झाले की तोच पत्नीचा गुण ठरला. तरुणांच्या मनातली बायकोही अशीच घडली.

पुढे ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने (१९३३) स्त्रीभूमिकांसाठी स्त्रियाच उभ्या केल्या. त्याच वर्षी कोल्हापुरातून पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) बालगंधर्व एकनाथ झाले. तिच्याच ‘कुंकू’त (१९३७) शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या बिजवराला नवरा मानायला साफ नकार देते. सिंधूला इतके ठाम उत्तर मराठी पडद्याने तोवर दिले नव्हते.

या प्रतिमेची जातही लक्षात घ्यावी लागते: ती पांढरपेशा, बहुतांशी ब्राह्मणी घरातली होती. संगीत नाटकातल्या स्त्रीवेषधारी नटाला मानाची शाल मिळाली, पुण्यात १९६८ मध्ये त्याच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. तमाशात बायकी हावभाव करणाऱ्या पुरुषाच्या, नाच्याच्या, वाट्याला मात्र कुचेष्टाच आली. दिग्दर्शक रवी जाधव यांच्या लागोपाठच्या दोन चित्रपटांत हे दोन्ही पुरुष नव्या पिढीला भेटले. ‘बालगंधर्व’मध्ये (२०११) सुबोध भावे यांनी रंगवलेल्या नटासाठी प्रेक्षक जीव टाकतात. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील ‘नटरंग’मध्ये (२०१०) कुस्तीचा नाद असलेला मजूर गुणा तमाशाचा फड टिकावा म्हणून नाच्या होतो, तेव्हा गाव त्याच्या पुरुषपणावर हसते आणि घरचेही त्याला दुरावतात.