पाहुणा कुठवर?

पूर्वी आमच्या गोव्यात घराचं दार दिवसभर उघडं असायचं, आल्यागेल्याला कुणी नाही म्हणत नसे, आता फ्लॅट आले आणि माणसं कोती झाली, असं जुनी मंडळी नेहमी म्हणतात. तुम्हीही ऐकलं असेल. दार उघडं असायचं हे खरंच आहे. पण त्या दारातून आलेला माणूस कुठवर जायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. त्याचं उत्तर जुन्या घरांच्या बांधणीत आहे.

आमच्याकडचं एखादं जुनं हिंदू घर डोळ्यांसमोर आणा. पुढे अंगण, अंगणात तुळशीवृंदावन. चार पायऱ्या चढल्या की सोपो. आत मध्यभागी राजांगण, त्याच्या चारी बाजूंनी चौकी आणि चौकीला लागून खोल्या. देवघर आणि रांधपाची खोली आणखी आत. मागे न्हाणी, विहीर आणि परसू. ख्रिस्ती घरांत सोप्याच्या जागी बाल्कांव, मग पाहुण्यांसाठी सजवलेली साल, आणि त्यापलीकडे घरच्यांचा वावर.

प्रत्येकाची जागा ठरलेली होती. मुंडकार अंगणात उभा राही. कामाधंद्यासाठी आलेला सोप्यावर बसे. सोयरा चौकीपर्यंत येई. रांधपाच्या खोलीत सरळ शिरायची मुभा माहेरवाशिणीला आणि अगदी रक्ताच्या नात्याला. देवघरात सोवळ्याखेरीज कुणी नाही. "इथंच थांबा" असं कुणाला म्हणावं लागत नसे. ते काम उंबरा करायचा.

या व्यवस्थेचं कौतुक करायचं तर तिची दुसरी बाजूही पाहायला हवी. हे उंबरे आधी जात पाहायचे आणि मग नातं. ज्या मुंडकाराने जन्मभर घराची राखण केली, त्याचा चहा वेगळ्या भांड्यात आणि अंगणातच. आणि घरातल्या बाईचं काय? पुरुषांना बसायला सोपो होता. बाईच्या वाट्याला अख्खं आतलं घर, पण त्यात तिची स्वतःची म्हणावी अशी कोपराभर जागा बहुधा नसे. ती सासू, जावा आणि मुलंबाळं यांच्या मध्येच निजायची.

घराची अशी रचना इतर प्रांतांतही होती. गोव्यात मात्र सोळाव्या शतकात उंबऱ्याला आणखी एक अर्थ आला. 1559 साली पोर्तुगालच्या राजाचा हुकूम निघाला, की अनाथ हिंदू मुलं ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करावं. 1560 साली इन्क्विझिशन सुरू झालं. मधली काही वर्षं सोडली तर ते 1812 पर्यंत चाललं. या इन्क्विझिशनचा 1736 सालचा जाहीरनामा मुद्दाम वाचण्यासारखा आहे. अ. का. प्रियोळकरांनी 1961 च्या आपल्या ग्रंथात तो दिला आहे. बाटलेल्या कुटुंबांनी काय करू नये याची ती यादी. घरादारात तुळस ठेवायची नाही. एकादशीला उपास करायचा नाही. हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही. पुरुषांनी पुडवें नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही.

यातल्या किती गोष्टी चार भिंतींच्या आतल्या आहेत ते पाहा. भातात मीठ आहे की नाही, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळत नाही. ते रांधपाच्या खोलीपर्यंत आलेल्यालाच कळतं. त्यातून इन्क्विझिशनची रीत अशी, की तक्रार कुणी केली हे आरोपीला सांगत नसत. नोकराची, शेजाऱ्याची, नातलगाची, कुणाचीही साक्ष चाले. अशा काळात आतपर्यंत आलेला पाहुणा जेवून गेला, एवढ्यावर भागत नसे. पुढेमागे तो साक्षीदारही होऊ शकत होता.

त्याच काळात नदीपलीकडे अगदी उलट चित्र होतं. अंत्रुज, म्हणजे आजचा फोंडा, तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. तो 1763 साली त्यांच्याकडे गेला. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 साली प्रियोळला आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. देवांबरोबर माणसंही आली. चार दिवसांचा आसरा मागायला आलेली कुटुंबं पिढ्यान्पिढ्या इथलीच झाली. देव अंत्रुजात आणि महाजन दूरदूर पांगलेले. दर जत्रेला ते येणार, मग उतरणार कुठे? आपल्या देवळांभोवतीच्या अग्रशाळांकडे मी या नजरेनं पाहतो. पाहुण्याला डोक्यावर छप्पर मिळालं, आणि गावातल्या बाईची चूल नि खोली तिच्याकडेच राहिली. मला यात मोठा शहाणपणा दिसतो.

घरांनी मात्र हा शहाणपणा उचलला नाही. 1955 साली सरहद्द बंद झाली, रेल्वे थांबली आणि मुंबईकडच्या गोंयकारांना घरी येणं अवघड झालं. 1961 च्या मुक्तीनंतर सगळे आसुसल्यासारखे येऊ लागले. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर तर मुंबई एका रात्रीवर आली. आमच्या आजोळी मे महिन्यात वीसबावीस माणसं सहज असत. आम्हा मुलांची चंगळ. मामीची खोली दरवर्षी पाहुण्यांना दिली जायची आणि ती महिनाभर चौकीत निजायची. "देऊ का?" असं तिला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. 1870 पासून गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यानं बायकोला संसाराच्या मालमत्तेत निम्मा वाटा दिला, आणि आपण त्याचा अभिमानानं उल्लेख करतो. पण निम्म्या घराच्या मालकिणीला आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची सोय नव्हती.

याच कायद्यामुळे आपल्याकडे आणखी एक गुंता होतो. वडिलोपार्जित घराची वाटणी झालेली नसेल, तर चवथीला येणारे चुलतभाऊ, आत्या, आत्येभाऊ हे पाहुणे की मालक? कागदावर त्यांचाही हिस्सा असतो. वर्षभर कौलं चाळणारा, वाळवीशी झगडणारा, दिवा लावणारा एकटाच तिथं राहत असतो. येणारा म्हणतो, माझ्याच घरात मी विचारून का येऊ? राहणारा म्हणतो, माझ्या कपाटाला हात का लावता? दोघांचंही खोटं नाही. माटोळीखाली एकत्र आरती म्हणणारी किती घरं पुढे कोर्टात गेली, ते आपल्याला ठाऊक आहे.

फ्लॅटमध्ये तर सोपोही नाही आणि चौकीही नाही. दार उघडलं की पाहुणा थेट घराच्या मध्यभागी. जी मर्यादा पूर्वी पायऱ्या आणि उंबरे सांभाळत, ती आता तोंडानं सांगावी लागते, आणि आपल्याला तेच जड जातं. सांगणारा, विशेषतः सांगणारी, माणूसघाणी ठरते. पण तिसऱ्या दिवशीही राहणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण काही फ्लॅटवाल्यांनी रचलेली नाही. ती जुन्या, ऐसपैस घरांतूनच आली आहे.

जातीची उतरंड सांभाळणारे उंबरे गेले ते बरंच झालं. मर्यादा मात्र हवी. येणाऱ्यानं तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारावं, आणि किती दिवस राहणार तेही सांगावं. सामाईक घरात कुठली खोली कुणाची, हे चवथीच्या आधीच ठरवावं. आणि हे सगळं ठरवताना, जिची खोली द्यायची तिला सगळ्यांत आधी विचारावं.