वैद्यकी बाडांतील ‘चिनी’ औषधि व वर्धा प्रांतांतील त्यांचा शोध

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत पत्रें, महजर व जमाखर्चाच्या वह्या यांबरोबर एखादें वैद्यकी बाडहि पुष्कळदां असतें. संग्राहक पत्रें प्रथम उलगडतो. काढ्यांचीं व चूर्णांचीं पानें मागें राहतात. त्या पानांवर चोपचिनी, दालचिनी, कबाबचिनी, रेवाचिनी अशीं नांवें आढळतात व तीं वाचतांना दोन समज सहज होतात. एक असा कीं, ‘चिनी’ म्हटलेली प्रत्येक वस्तु चीन देशची. व दुसरा असा कीं, चीन देशची औषधि आपल्या अंगणांत असणें शक्य नाहीं. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. ते सोडले असतां बाडाचा काल ठरविण्याचें एक साधन हातीं येतें, व मुळी ओळखण्यांतील एक धोकाहि टळतो. प्रस्तुत लेखांत वर्धा जिल्हा समोर ठेवून हा विचार केला आहे.

प्रथम नांवें पाहूं. हीं नांवें फारशींतून आलीं आहेत. चोपचिनी म्हणजे चोब-इ-चीनी. ‘चोब’ म्हणजे लांकूड. दालचिनींतील ‘दाल’ हें मूळचें ‘दार’, त्याचाहि अर्थ लांकूडच. परंतु उत्तम दालचिनीची जन्मभूमि सिंहलद्वीप. चीन देशची जाड साल निराळ्या झाडाची असून बाजारांत दोन्ही एकाच नांवानें विकल्या जातात. कबाबचिनी ही जावा बेटांतील वेलीचें फळ. रेवाचिनी मात्र खरोखर चीनच्या पश्चिम भागांतील. तथापि त्याच जातीची हिमालयांतील मुळीहि ह्याच नांवावर खपते. यावरून दिसतें कीं, ‘चिनी’ हें पद मालाच्या वाटेचें व लौकिकाचें निदर्शक आहे. जन्मस्थानाचा तो पुरावा नव्हे.

चोपचिनीची गोष्ट निराळी. ती निःसंशय चीनची, व ती आपल्याकडे केव्हां आली हें बरेंच निश्चित सांगतां येतें. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. त्याचा औषधिविषयक संवादग्रंथ गोव्यांतच १५६३ सालीं छापला गेला. त्यांत ह्या मुळीवर स्वतंत्र प्रकरण असून, ती हिंदुस्थानांत १५३५ च्या सुमारास माहीत झाली असें तो सांगतो. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं त्याचें जाणेंयेणें होतें. तेव्हां गोव्यांतील वैद्यकी वार्ता दख्खनेंत पोंचण्यास वाट मोकळीच होती. युरोपांत ही मुळी इतकी गाजली कीं, वेसॅलियस या शरीरशास्त्रज्ञानें १५४६ सालीं तिच्या काढ्याच्या निमित्तानें एक विस्तृत पत्रच छापलें. त्याच सोळाव्या शतकांत भावमिश्रानें भावप्रकाशांत फिरंगरोगाचें वर्णन करून ‘द्वीपान्तरवचा’ या नांवानें ह्याच मुळीची योजना केली. नांवावरूनच ती परद्वीपांतून आली, ही जाणीव स्पष्ट होते. चीनमध्येंहि ली शि-चेन याच्या १५९६ सालीं छापलेल्या महाग्रंथांत तू-फू-लिंग ही याच वर्गांतील मुळी अशाच रोगावर सांगितली आहे. नवा रोग व त्यावरील नवी मुळी, दोन्ही एकाच शतकांत आणि एकाच दर्यावर्दी व्यापाराच्या ओघांत पसरलीं.

यावरून संग्राहकास पुढील नियम मिळतो. ज्या ओळींत चोपचिनी अथवा फिरंगरोग आला आहे, ती ओळ सोळाव्या शतकाच्या पूर्वींची असूं शकत नाहीं. ग्रंथ प्राचीन ऋषीच्या नांवावर असला तरी ती ओळ मागाहून घातलेली, किंवा ग्रंथच अर्वाचीन, असें समजावें. मात्र दोन पथ्यें पाळावीं. हा नियम ओळीपुरता आहे, सबंध बाडापुरता नव्हे. कारण वैद्यांच्या घरीं समासांत व कोऱ्या पानांवर पिढ्यान् पिढ्या नवे पाठ लिहिले जात. दुसरें, चोपचिनीचा उल्लेख नाहीं म्हणून बाड जुनें, असें उलट अनुमान करूं नये.

वर्धा शहर १८६६ सालीं पालकवाडी येथें वसविलें गेलें. तेव्हां ह्या जिल्ह्यांत जुन्या बाडांचा शोध करावयाचा तर शहरापेक्षां आर्वी, देवळी, हिंगणघाट, पवनार अशा जुन्या गांवीं करणें अधिक फलदायी. तेथें एखाद्या पाठांत चोपचिनी आढळली, तर वैद्यानें प्रत्यक्षांत कोणती मुळी वापरली असेल, हा प्रश्न लगेच उभा राहतो. विदर्भाच्या रानांत घोटवेल नांवाची कांटेरी वेल होते. ती चोपचिनीच्याच वर्गांतील असून दोघींचीं पानें बरींच सारखीं दिसतात. एका देठाशीं दोन ताणे असतात. दूरची महाग मुळी न मिळाल्यास जवळची घेण्याचा मोह स्वाभाविक होय. परंतु वर्ग एक म्हणून गुण एक असें होत नाहीं. शिवाय ह्या वर्गांत नर व मादी वेली वेगवेगळ्या असल्यानें कुंपणास एकच वेल लावली तर तिजवर फळ धरत नाहीं, आणि फळावांचून जात पारखणें अवघड जातें. फिरंगरोगाच्या पाठांत चोपचिनीच्या आगेमागें रसकर्पूरहि येतो. तो पाऱ्याचा विषारी क्षार आहे. ह्या रोगावर १९४३ पासून पेनिसिलिन उपलब्ध आहे. सबब हे पाठ इतिहास म्हणूनच वाचावेत.

आतां दुसरा समज. चिनी वनस्पति येथील मातींत रुजविणें ही गोष्ट फार जुनी आहे. ह्यूएन्त्संग या चिनी यात्रेकरूनें सातव्या शतकांत लिहून ठेविलें आहे कीं, पंजाबांतील चीनभुक्ति येथें राहिलेल्या चिनी ओलिसांनीं पीच व नासपाती हीं फळें या देशांत आणिलीं. वर्ध्याच्या उन्हाळ्यांत थंड डोंगरांतली रेवाचिनी तग धरणार नाहीं. पण शेवंती पाहा. देवपूजेचें हें फूल मूळचें चीनचें. तेथें त्याचीं वाळलेलीं फुलें डोळ्यांच्या विकारावर देतात. फुलांचा बहर संपल्यावर बुंध्याचे फुटवे निराळे करून अर्ध्या सावलींत उन्हाळाभर जपले कीं दिवस लहान होतांच ती पुनः फुलते. येथेंहि वाचकानें सावध असावें: संस्कृत निघंटूंतील ‘सेवती’ हें गुलाबाच्या जातीचें फूल होय, आजची शेवंती नव्हे. तुतीहि चीनचीच, तिचीं पानें व मुळाची साल तिकडील वैद्यकांत प्रसिद्ध आहेत.

परंतु सर्वांत बोलका दाखला शेतांतला आहे. सोयाबीन ही चीनमध्यें माणसाळलेली वनस्पति. तिचे आंबविलेले दाणे तेथील वैद्य औषध म्हणून देतात. १९३५ सालीं वर्ध्याच्या मगनवाडींत गांधीजींनीं हें धान्य आश्रमाच्या जेवणांत घालून पाहिलें व त्याविषयीं ‘हरिजन’ पत्रांत लिहिलें. त्या वेळीं तो एक नवलाचा प्रयोग होता. आज कापूस व तूर यांच्या जोडीनें सोयाबीन हें जिल्ह्याचें मुख्य खरीप पीक आहे. ज्याच्या नांवांत ‘चिनी’ नाहीं तें खरें चिनी धान्य शिवारभर पसरलें आहे, आणि ज्याच्या नांवांत ‘चिनी’ आहे ती कबाबचिनी जावा बेटाची.

म्हणून वैद्यकी बाड प्रसिद्ध करणारांस एवढीच विनंति कीं, औषधींचीं नांवें मूळ लेखनाप्रमाणेंच छापावीं. ‘चोबचिनी’ असल्यास तिची ‘चोपचिनी’ करूं नये. नांव मूळ ओळींत आहे कीं समासांत, शाई व अक्षर एकच आहे कीं भिन्न, हेंहि नोंदवावें. सुधारलेला पाठ वाचण्यास सोपा, परंतु कालनिर्णयास निरुपयोगी. आणि पत्रें काढून घेतल्यावर काढ्यांचीं पानें रद्दींत जाऊं देऊं नयेत. कारण ज्या बाडावर शक नाहीं व लेखकाचें नांव नाहीं, त्याचा काल सांगणारी एकच साक्ष कधीं कधीं ती तोळाभर मुळी असते.